पुनर्धावक : लक्षणे आणि वाटचाल

पुनर्धावक म्हणजे एके काळी लांब पल्ल्याचे नियमित धावलेला, नंतर दहा ते पंचवीस वर्षे फक्त सुटणारी बस किंवा लोकल गाठण्यापुरता धावलेला, आणि चाळिशी-पन्नाशीत एके दिवशी हाफ पँट घालून पुन्हा रस्त्यावर अवतरलेला मनुष्य. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत पहाटे साडेपाच ते सात या वेळेत तो आढळतो. पुण्यात टेकड्यांच्या पायथ्याशी, मुंबईत मरीन ड्राइव्हवर, कोल्हापुरात रंकाळ्याभोवती, नागपुरात अंबाझरीच्या बाजूला. नवधावकाशी त्याची गल्लत करू नये. आपल्याला धावता येत नाही हे नवधावकाला ठाऊक असते. म्हणून तो पहिल्या दिवशी दोन विजेच्या खांबांमधले अंतर धावतो, थांबतो आणि समाधानाने घरी जाऊन चहा पितो. पुनर्धावकाला धावण्यातले सगळे कळते. कळत नाही ते एवढेच, की मधल्या काळात काय काय झाले आहे.

धावणे कोणी ठरवून सोडत नाही. नोकरीतून निवृत्त होताना शाल-श्रीफळ मिळते, चार माणसे भाषणे करतात. धावण्यातून निवृत्त झाल्याचा पत्ता खुद्द निवृत्तालाही लागत नाही. पहिली नोकरी लागते, बदली होते, लग्न ठरते, घराचे हप्ते सुरू होतात. एखाद्या जूनमध्ये ‘पाऊस ओसरला की पुन्हा सुरू करू’ असे म्हणून बूट वर ठेवले जातात. पाऊस त्या वर्षी ओसरतो, पुढची पंधरा वर्षेही वेळच्या वेळी ओसरत राहतो. या सगळ्या काळात कोणी विचारले तर तो ‘सध्या जरा बंद आहे’ असे उत्तर देतो. हा ‘सध्या’ दोन दशके टिकू शकतो.

बायकांच्या बाबतीत तर खंड पडला अशी नोंदही होत नाही. आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्रीत पदक मिळवलेली मुलगी लग्नानंतर धावेनाशी झाली, तर घरात कोणाला ती बातमी वाटत नाही. ती वीस वर्षांनी पुन्हा धावू लागली की मात्र वाटते. पुरुष पुनर्धावकाची पहाट गजर बंद करून सुरू होते. बाईची पहाट डबे, पाणी यायची वेळ, दूध आणि सासूबाईंचा चहा एवढे उरकून सुरू होते, म्हणजे ती रस्त्यावर येईपर्यंत निम्मी शर्यत झालेलीच असते. अंधारात एकटीने जायचे नाही, म्हणून सोबत शोधावी लागते. सुरुवात बहुधा सलवार-कमीज आणि बुटांवर होते, कारण ट्रॅकपँटमध्ये सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडणे हे त्यातल्या कित्येकींना पाच किलोमीटरपेक्षा अवघड वाटते. ज्या हे फाटक ओलांडतात त्या पुढे पुरुषांपेक्षा जास्त टिकतात, असे कुठल्याही धावगटाकडे दोन-तीन वर्षे पाहिले की दिसते. वेळ चोरून आणलेला असल्यामुळे त्या तो वाया घालवत नाहीत.

खंडाच्या काळात शरीर बिघडते, पण वेळा सुधारतात. धावणे सोडले त्या वर्षी दहा किलोमीटरला ४८ मिनिटे लागत असत. लग्नाच्या पाचव्या वाढदिवसापर्यंत ती ४५ होतात, मुलगा शाळेत जाऊ लागला की ४२. पुढे आकडा चाळिशीपाशी येऊन थांबतो, कारण त्याच्याही खाली गेल्यास ‘मग जिल्ह्याच्या संघात का नव्हता?’ असा प्रश्न येतो. पुराव्याची अडचण नसते. त्या काळी चिप नव्हती, घड्याळात उपग्रह नव्हता, प्रमाणपत्र घर बदलताना गहाळ झालेले असते. उरलेला एकमेव पुरावा म्हणजे शोकेसमधला चांदीसारखा दिसणारा कप, ज्यात आता रबरबँड, संपलेली पेने आणि कुठल्या कुलपाची हे कोणालाच माहीत नसलेली एक किल्ली असते. पुण्यातल्या पन्नाशीपुढच्या माणसाच्या आठवणीत १९८३ साली सुरू झालेली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन असते, आणि तिच्यात तो कॅनव्हासच्या बुटांवर धावला होता हे तो दर भेटीत सांगतो.

पुन्हा धावू लागण्याची कारणे उदात्त असतात असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ती दोनच. एक रक्ताचा अहवाल आणि दुसरे वर्गमित्र. अहवालात तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ येतो, फॅमिली डॉक्टर चष्मा काढून ठेवतात आणि ‘काही व्यायाम?’ असे विचारतात. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी मानली जाते, आणि उंबरठ्यावर माणूस गंभीर होतो. पण अहवालापेक्षा वर्गमित्राचा जोर जास्त. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर जानेवारीतल्या एका रविवारी गळ्यात पदक घातलेला फोटो येतो, आणि तो अशा मित्राचा असतो जो शाळेत पी.टी.च्या तासाला पोटदुखीची चिठ्ठी आणत असे. ‘अभिनंदन मित्रा’ असे लिहून पुनर्धावक फोन खाली ठेवतो आणि माळ्यावर चढतो.

माळ्यावरच्या बुटांबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. धावण्याच्या बुटाच्या तळव्यातला फोम कालांतराने कडक होतो, डिंक सुटतो, आणि काही प्रकारचा फोम दमट हवेत न वापरताच आतून कुजतो. मुंबई-कोकणातल्या हवेत हे लवकर होते. दहा वर्षे जपून ठेवलेला बूट दिसायला नवा असतो. धावायला लागल्यावर साधारण पहिल्या वळणावर वरचा भाग पुढे जातो आणि तळवा मागे राहतो. मग दुकान गाठावे लागते. तिथला पंचविशीचा विक्रेता ट्रेडमिलवर चालायला लावतो, पाय आत कलतो की बाहेर हे पाहतो, आणि जो बूट पुढे करतो त्याच्या किमतीत पुनर्धावकाने पहिल्या नोकरीत तीन महिने काढलेले असतात. घरी ही किंमत निम्मी सांगितली जाते. घड्याळाची तर सांगितलीच जात नाही, ‘ऑफिसकडून मिळाले’ असे कळवले जाते.

पहिल्या दिवशी हे घड्याळ आकाशातले उपग्रह शोधते. तोवर पुनर्धावक सोसायटीच्या फाटकाशी एक हात वर करून उभा राहतो आणि वॉचमन विचारतो, ‘काय साहेब, रेंज नाही का?’ उपग्रह सापडतात आणि धाव सुरू होते, ती बावीस वर्षांच्या माणसाच्या वेगाने, कारण पायांना तोच एक वेग ठाऊक असतो. पहिले दोनशे मीटर अप्रतिम जातात. त्यानंतर छातीत भाता सुरू होतो, तोंडात पितळेची चव येते आणि बुटाची नाडी सुटते. नाडी खरोखर सुटलेली नसते. पण ओळखीचे कोणी समोरून आले की ती सुटते, वाकून नीट बांधावी लागते, आणि बांधायला ओळखीचा माणूस दिसेनासा होईपर्यंतचा वेळ लागतो. ज्यांच्या बुटांना नाडी नसते त्यांना फोन येतो. एवढ्यात हास्यक्लबला निघालेले सत्तरीचे जोडपे हातात हात घालून बाजूने पुढे निघून जाते. ‘पोलीस भरती का?’ हा प्रश्न साधारण चौथ्या दिवशी येतो. कुत्री पहिल्याच दिवशी येतात. चालणाऱ्याकडे ती दुर्लक्ष करतात, चपळ धावणाऱ्याच्या वाटेला जात नाहीत. धावण्याचा आव आणून चालण्याच्या वेगाने जाणारा माणूस मात्र त्यांना संशयास्पद वाटतो, आणि यात त्यांचे फारसे चुकत नाही.

शरीरात काय घडलेले असते ते समजून घेणे फारसे कठीण नाही. धावणे थांबले की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला द्रव कमी होतो, त्यामुळे हृदयाच्या एका ठोक्यात पूर्वीपेक्षा कमी रक्त बाहेर पडते आणि तेवढ्याच कामाला ठोके वाढतात. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका नामांकित अभ्यासात, चांगला सराव असलेल्या लोकांनी व्यायाम बंद केल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के आणि बारा आठवड्यांत सुमारे १६ टक्के घटलेली आढळली. त्यापुढे वयाचा हिशेब सुरू होतो. बैठ्या माणसात तिशीनंतर ही क्षमता दर दशकात साधारण १० टक्क्यांनी उतरते. या सगळ्याची बेरीज पुनर्धावक कधीही करत नाही. पहिल्या किलोमीटरला साडेआठ मिनिटे लागलेली दिसली की तो घड्याळ बिघडले असे समजतो.

तरीही त्याच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे, आणि तो त्याला कळला की पुढचे सहा महिने तो इतरांना सांगितल्याशिवाय राहत नाही. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणातून उठू दिले नाही आणि त्याआधी व त्यानंतर त्यांची क्षमता मोजली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तेच पाच जण पन्नाशीत पुन्हा तपासले गेले. दरम्यान त्यांचे सरासरी वजन ७७ किलोवरून १०० वर गेले होते. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता खाल्ली होती, त्याहून जास्त ती विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने खाल्ली होती. मग त्यांना सहा महिने चालणे, हळू धावणे, सायकल असा बेताचा सराव दिला गेला, आणि ते १९६६ मध्ये अंथरुणाला खिळण्यापूर्वी जिथे होते त्या पातळीवर परत आले. अंथरुणानंतर विशीत आठ आठवडे कसून सराव करून त्यांनी जी पातळी गाठली होती, तिथे मात्र पाचांपैकी कोणीही पोहोचला नाही. या निष्कर्षाचा पहिला भाग पुनर्धावक गटावर टाकतो, दुसरा टाकत नाही.

पण खरी मेख वेगळीच आहे. हृदय, फुप्फुसे आणि रक्त काही आठवड्यांत ताळ्यावर येतात. कंडरा, अस्थिबंध आणि हाडे यांना कित्येक महिने लागतात. म्हणजे चौथ्या-पाचव्या आठवड्यात नवरदेव मांडवात येऊन उभा आहे, भटजींनी अंतरपाट धरला आहे, आणि वऱ्हाड अजून एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहते आहे. नेमक्या याच आठवड्यात पुनर्धावकाला ‘आता जमले’ असे वाटते. दम लागत नाही, म्हणून तो अंतर दुप्पट करतो. मग नडगी दुखते, नाहीतर टाच, नाहीतर पोटरीत वाढप्याने चिमटा काढल्यासारखी कळ येते. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली पाच पावले तळव्याखाली खिळा असल्यासारखी पडू लागली, तर तळपायाच्या पडद्याची सूज म्हणावी. घोट्याच्या मागची जाड शीर जिना चढताना कुरकुरली, तर तो अकिलीसचा प्रांत.

या शिरेच्या उपचाराचा इतिहास पुनर्धावकाने वाचण्याजोगा आहे. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन स्वतः धावत असत आणि त्यांची ही शीर दुखत असे. शस्त्रक्रिया करून द्या म्हणून त्यांनी वरिष्ठांना गळ घातली, तर वरिष्ठांनी नकार दिला. तुम्ही रजेवर गेलात तर काम कोण करणार? तेव्हा शीर पुरती बिघडवावी, म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल, या हेतूने त्यांनी पायरीच्या कडेला उभे राहून टाच जड ओझ्यानिशी खाली सोडण्याचा व्यायाम निर्दयपणे सुरू केला. शीर बरी झाली. १९९८ मध्ये त्यांनी हा उपचार प्रसिद्ध केला आणि तो आज जगभर दिला जातो. गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, १५-१५ च्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा. पुनर्धावक हा व्यायाम तीन दिवस करतो आणि आंबेहळदीच्या लेपाकडे वळतो.

दुखण्याची बातमी घरात पसरली की गुडघ्यांचा विषय निघतो. दुखत टाच असते, तरी निघतो गुडघ्यांचाच. मराठी घरात गुडघा हा विषय सर्वांना आपोआप येतो. आई म्हणते, ‘अरे, या वयात गुडघे जातील.’ बायको म्हणते, ‘अहो, चाललात तर काय बिघडतं?’ शेजारचे काका स्वतः आयुष्यात कधीही धावलेले नसतात, त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले असतात, आणि धावण्याने गुडघे झिजतात असे तेच सर्वांत ठामपणे सांगतात. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात हौशी धावणाऱ्यांपैकी सुमारे ३.५ टक्क्यांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला, बैठे जीवन जगणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. स्पर्धेसाठी झिजणाऱ्या पट्टीच्या धावपटूंत ते १३ टक्क्यांच्या वर गेले, हेही सांगायला हवे. अर्थात ज्यांचे गुडघे मुळातच धड असतात तेच हौसेने धावत राहतात, अशीही एक शंका काढता येते. काका ती काढत नाहीत. त्यांना आकड्यांची गरज नसते.

सरावाचे शास्त्र एका शब्दात मावते, तो शब्द म्हणजे ‘हळू’. पण पुनर्धावकाला तो कानाआड करायची सवय असते. हळू म्हणजे किती, याची साधी कसोटी अशी की धावताना बोलता आले पाहिजे. ज्या वेगात सोसायटीच्या मेंटेनन्सबद्दल पूर्ण वाक्यांत तक्रार करता येते, तो वेग बरोबर. तक्रार एकेका शब्दावर आली की वेग कमी करावा. तक्रारच उरली नाही तर थांबून बसावे. घड्याळवाल्यांना ठोके पाहायचे असतात. त्यांच्यासाठी २२० वजा वय हे सूत्र प्रसिद्ध आहे. १९७० च्या सुमारास काही जुन्या निरीक्षणांवरून ढोबळमानाने ओढलेली ती रेघ होती, आणि ती माणसागणिक दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. २००१ मध्ये सुचवलेले सूत्र, म्हणजे २०८ मधून वयाचे सात-दशांश वजा करणे, त्याहून बरे आहे; पण पहाटे साडेपाचला चढावर हा गुणाकार कोणी करत नाही.

मधे मधे चालणे हा सर्वांत गुणकारी उपाय आहे आणि सर्वांत अपमानास्पद मानला जातो. अमेरिकेचे जेफ गॅलोवे १९७२ च्या ऑलिंपिक संघात दहा हजार मीटरचे धावपटू होते. त्यांनीच पुढे आयुष्यभर सामान्य लोकांना काही मिनिटे धावा, मग एक मिनिट चाला असे शिकवले. दमल्यावर चालायचे नाही, दमण्याआधी चालायचे, एवढेच त्यातले मर्म. १९९६ साली निघालेला ‘काउच टू फाइव्ह के’ हा नऊ आठवड्यांचा आराखडाही चालता-चालता धावायला लावतो. पुनर्धावक हा आराखडा उतरवून घेतो आणि थेट पाचव्या आठवड्यापासून सुरू करतो. पहिले चार आपण १९९५ साली केले आहेत असे त्याचे मत असते.

एकट्याने जमेना की गट येतो. प्रत्येक शहरात आता असे गट आहेत. त्यांत एक प्रशिक्षक असतो, त्याला सर्व जण ‘कोच’ म्हणतात, आणि पहाटे पावणेचारला ‘उठलात का सगळे?’ असा संदेश येतो. गटामुळे नियमितपणा येतो हे खरे आहे. लाजेने माणूस उठतो. गटामुळे न्याहारीही येते. माणूस धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण एक कॅलरी खर्च करतो; म्हणजे ७० किलोचा माणूस पाच किलोमीटरला साधारण ३५० खर्च करतो. रविवारी धाव संपते तिथून मिसळीचे दुकान बहुधा चालत पाच मिनिटांवर असते. एक मिसळ, दोन पाव, वर ‘जरा तर्री’, मग ताक, आणि कोणाच्या तरी वाढदिवसाचा एक पेढा. सहा महिने नेमाने धावूनही वजन तसूभर हलले नाही, याचे आश्चर्य सगळा गट मिळून करतो, आणि तेही मिसळ खाता खाताच.

मग शर्यत. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून मैदानातल्या राजघराण्याच्या आसनापर्यंत मोजलेल्या अंतरातून आला आणि १९२१ साली कायम झाला. शेवटच्या दोन किलोमीटरांत ब्रिटिश राजघराण्याला जे ऐकून घ्यावे लागते ते त्यामुळेच. पुनर्धावक शहाणा असेल तर निम्म्या अंतरावर भागवतो. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते. एरवी ज्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर पायी जायला मनाई असते, त्यावर त्या दिवशी धावता येते, आणि निम्मे लोक तिथे फोटो काढायला थांबतात. वेळ का चुकली, याचे हे तयार कारण होते. पेडर रोडच्या चढाने तर वर्षानुवर्षे कित्येकांना नम्र केले आहे. रस्त्याच्या कडेला अनोळखी माणसे केळी, संत्री, बिस्किटे घेऊन उभी असतात. आजोबांच्या वयाचा धावक पाहून एखादी कॉलेजकन्यका ‘कम ऑन अंकल!’ असे ओरडते. आपल्याला अंकल म्हटले याचे दुःख पुढच्या किलोमीटरभर पुरते, आणि दुःखात वेग वाढतो, असा अनुभव आहे.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन वेगळ्या जातीची. २०१२ पासून भरणारी ही २१ किलोमीटरची शर्यत यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेने चढते आणि त्याच वाटेने उतरते. चढताना पुनर्धावकाला चढाची भीती वाटते. खरा हिशेब उतारावर होतो. उतरताना मांडीचे स्नायू लांबत लांबत वजन झेलतात, त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि ठणका त्या दिवशी नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोहोचतो. सोमवारी सकाळी जिना उतरता येत नाही. कठडा धरून, तोंड जिन्याकडे करून, एकेक पायरी मागे मागे उतरावे लागते. ऑफिसात पोहोचल्यावर खुर्चीत बसणे हे दोन टप्प्यांचे काम होते. आणि ज्यांच्या घरी भारतीय पद्धतीचे शौचालय आहे त्यांच्या त्या दिवशीच्या अवस्थेचे वर्णन इथे न केलेलेच बरे.

निकालाच्या कागदावर पुनर्धावकाला पहिल्यांदा वयाचा फायदा मिळतो. ज्येष्ठ ॲथलेटिक्समध्ये ३५ वर्षांपासून वयोगट सुरू होतात, आणि वयानुसार वेळेचे गुण काढण्याची कोष्टकेही आहेत. तुमची वेळ तुमच्या वयातल्या जागतिक सर्वोत्तम वेळेच्या किती टक्के जवळ आहे ते त्यातून कळते. कोष्टक बघितल्यावर साठीतला माणूस तिशीतल्या पुतण्याच्या पुढे जातो. ही कोष्टके पुतणे वाचत नाहीत.

या प्रकारातला सर्वश्रेष्ठ म्हणून कॅनडाचे एड व्हिटलॉक यांचे नाव घ्यावे लागते. इंग्लंडमध्ये तरुणपणी ते चांगले धावत. कॅनडाला गेल्यावर धावणे सुटले, आणि चाळिशी उलटल्यावर ते परत वळले. २००४ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी टोरंटोला २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. ती वेळ कशी मोजावी? बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले, तेव्हा त्यांना सुमारे २ तास ५१ मिनिटे लागली होती. अँटवर्पचा रस्ता अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब होता, हे चौगुल्यांच्या बाजूने मान्य करूनही व्हिटलॉक यांची गोष्ट थक्क करते. ना प्रशिक्षक, ना आहारतज्ज्ञ, बूट जुनेच. सराव ते घराजवळच्या कबरस्तानात करत, तिथल्या छोट्या वाटेवर तासन् तास फेऱ्या मारत. वाहने नाहीत, कुत्री नाहीत, आणि ‘या वयात कशाला?’ असे विचारणारे तिथे कोणी उठून बसण्याची शक्यता नाही. ८५ व्या वर्षी त्यांनी पुन्हा एकदा चार तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण केली.

खंडाच्या लांबीत मात्र पंजाबचे फौजा सिंग सगळ्यांच्या पुढे. तरुणपणी हौसेने धावणे, १९४७ च्या फाळणीच्या सुमारास ते बंद, आणि मग जवळजवळ अर्ध्या शतकाने पुन्हा सुरू. २००० साली लंडनला पहिली मॅरेथॉन त्यांनी ८९ व्या वर्षी केली आणि २०११ मध्ये टोरंटोला १०० व्या वर्षी. गिनेसने शंभरीचा हा विक्रम नोंदवला नाही, कारण जन्माचा दाखला नव्हता. ज्यांनी तहसील कचेरीत दाखल्यासाठी चकरा मारल्या आहेत, त्यांना ४२ किलोमीटर आणि दाखला यांतले सोपे काय ते ठाऊक आहे.

पहिल्या शर्यतीनंतरचा महिना सर्वांत धोक्याचा. पदक खुंटीला लागते, फोटोवर शंभर अंगठे येतात, वर्गमित्राचा हिशेब चुकता होतो, आणि धावायचे कारणच संपते. इथे दोन प्रकार पडतात. काही जण ‘आता थोडी विश्रांती’ म्हणतात. त्यांची पुढची भेट दहा वर्षांनी, नव्या रक्ताच्या अहवालासह होते. दुसरे लंगडत असतानाच पुढच्या शर्यतीचे पैसे भरतात, कारण भरलेले पैसे परत मिळत नाहीत आणि मराठी माणूस ते फुकट जाऊ देत नाही. धावणे टिकवण्याचा याहून खात्रीचा उपाय अजून कोणाला सापडलेला नाही.

मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. डॅलसच्या त्या पाच जणांच्या हिशेबाने सहा महिने धरले, तर सुरुवात जुलैत करावी लागते. चाळिशी ओलांडलेल्यांनी त्याआधी, जूनमध्येच, रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून घ्यावे, आणि छातीत दुखण्याचा किंवा चक्कर येण्याचा इतिहास असेल तर बूट घेण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे.